महागडी टूल चेस्ट घ्यावी का? आधी आत्ताच्या पेटीत काय अडतंय ते बघ

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हा वाचक दुसऱ्याच्या गॅरेजात मेकॅनिक आहे, सहा वर्षं झाली. टूल्स सगळे स्वतःचे. ते सध्या दोन हातपेट्यांत, एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये आणि थोडे गॅरेजच्या फळीवर असे विखुरलेले आहेत. त्याला एका नावाजलेल्या कंपनीची चाकांची मोठी टूल चेस्ट घ्यायचीये, किंमत त्याच्या साधारण पाच महिन्यांच्या कमाईएवढी, आणि विक्रेता हप्ते करून द्यायला तयार आहे. त्याच मापाची साध्या ब्रँडची चेस्ट एका महिन्याच्या कमाईत येते. त्याचं म्हणणं, "एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं, आयुष्यभर टिकेल. आमच्या सिनिअरकडे तीच आहे आणि गिऱ्हाइकं आधी त्याच्याकडेच जातात." बायकोचं म्हणणं, त्यापेक्षा गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर घे, रोज मालकाचा मागावा लागतो. दोन-तीन वर्षांत स्वतःचं गॅरेज काढायचाही विचार आहे. दादा, घेऊ का, असं विचारतोय.

मित्रा,

चेस्टबद्दल तू भरभरून लिहिलंयस, रंग कोणता, खण किती, वरचा टॉप लाकडी की स्टीलचा, सगळं. पण आत्ताच्या पेट्यांमुळे कामात नेमकं काय अडतंय हे मात्र एका ओळीत उरकलंस, "शोधण्यात वेळ जातो" एवढंच. मला वाटतं तुझा सगळा निर्णय त्या एका ओळीवर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. आणि घ्यावी की नको या विचारात अडकलेले तुझ्यासारखे बरेच जण आहेत, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडलं तर चांगलंच.

वेळेचा हिशोब करून बघू. समज दिवसात ८० वेळा तू टूल काढतोस किंवा परत ठेवतोस, आणि दर वेळी पेटी उघडा, वरचा ट्रे उचला, खाली चाचपडा यात पाच सेकंद जातात. म्हणजे दिवसाला ४०० सेकंद, साडेसहा मिनिटांच्या वर. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर साधारण ३३ तास, म्हणजे दहा तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांच्या वर मजुरी नुसती चाचपडण्यात. शिवाय १० नंबरची गोटी, म्हणजे नट-बोल्ट फिरवायचं सॉकेट, जी प्रत्येक गॅरेजात कायम हरवलेली असते, ती शोधण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. तेव्हा पेटी बदलायला हवी हे तुझं बरोबरच आहे, त्यात वाद नाही. पण हे ३३ तास वाचणार कशामुळे ते बघ. खण उथळ असतील आणि टूल्स एकाच थरात दिसतील म्हणून, एका खणात एकाच जातीची टूल्स असतील म्हणून, आणि खण पूर्ण बाहेर येत असेल म्हणून मागचा पाना अंधारात राहणार नाही म्हणून. या तिन्ही गोष्टी एका महिन्याच्या कमाईवाल्या चेस्टमध्येही मिळतात, फक्त नीट बघून घ्यावी लागते. पाच महिन्यांवाली चेस्ट वेळ पाचपट वाचवत नाही. मग वरचे जे चार महिने तू देणार आहेस ते दुसऱ्या कशासाठी तरी द्यायला हवेत, आणि ते कशासाठी हे तुला स्वतःला स्पष्ट माहीत हवं.

सिनिअरचं म्हणतोस तर एकदा शांतपणे आठवून बघ, गिऱ्हाइकं त्याच्याकडे चेस्ट आल्यावर जायला लागली की आधीपासून जात होती? बहुतेक आधीपासून. गिऱ्हाईक गाडी सोडतो, किल्ली देतो आणि जातो, खणाला कोणता चॅनेल, म्हणजे खण सरकवणारी पट्टी, लावलाय हे तो बघतही नाही. त्याला कळतं ते एवढंच की ब्रेकचा आवाज पंधरा दिवसांनी परत आला की नाही आला. नीट लावलेली टूल्स असली की काम नीट होतं हे खरं, पण ते नीट लावण्यामुळे होतं आणि ते कुठल्याही धड चेस्टमध्ये करता येतं. स्नॅप-ऑनचं नाव या धंद्यात सगळेच घेतात, ती कंपनी १९२० साली अमेरिकेत मिलवॉकीत सुरू झाली ती पाच हँडल आणि दहा सॉकेटच्या सेटवर, म्हणजे कुठलीही गोटी कुठल्याही हँडलला बसवा या कल्पनेवर. त्या नावाची सुरुवात हातातल्या टूलपासून झाली, ते ज्या पेटीत ठेवायचं तिच्यापासून नाही.

हे लिहिताना एक गोष्ट मनापासून सांगतो, चांगली चेस्ट हवीशी वाटणं यात काही चुकीचं नाही. दिवसाचे दहा तास तू तिच्यासमोर उभा असणार, जाग्या वेळेतला घरापेक्षा जास्त वेळ तिथे जाणार, मग ती वस्तू देखणी असावी, खण अलगद सरकावा असं वाटणारच. फक्त हौसेचे पैसे हौस म्हणून मोज, धंद्याची गुंतवणूक म्हणून नको. दोन्ही एकाच खात्यात टाकले की कर्ज काढायला आपोआप कारण मिळतं.

आता त्या जास्तीच्या पैशात खरोखर काय मिळतं ते सांगतो, कारण मिळतं, नक्की मिळतं. पहिलं म्हणजे पत्रा. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे उलटं असल्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, १६ गेज म्हणजे दीडच्या आसपास. स्वस्त चेस्टमध्ये कधीकधी २२ गेजचा पत्रा असतो, पाऊण मिलिमीटर फक्त, तो बोटाने दाबला तरी आत जातो. पण जाहिरातीत एकच आकडा लिहिलेला असतो आणि तो बहुतेक वेळा बाहेरच्या सांगाड्याचा असतो, खणाचा तळ त्याहून पातळ असू शकतो, त्यामुळे दोन्ही वेगळे विचारायचे. आणि नुसता जाड पत्राही पुरत नाही, कोपऱ्यात आतून आधार दिलाय का, भिंत दुहेरी आहे का, यावर सांगाडा पिळवटतो की नाही ते ठरतं. सांगाडा पिळवटला की खण अडकायला लागतात, मग चॅनेल कितीही भारी असो.

दुसरं चॅनेल, आणि माझ्या मते चेस्टची निम्मी किंमत इथेच वसूल होते किंवा बुडते. पत्र्यावर पत्रा घासत सरकणारा खण अजिबात घ्यायचा नाही, बॉल बेअरिंगचाच चॅनेल हवा आणि खण पूर्ण बाहेर येणारा हवा. बऱ्याच मधल्या दर्जाच्या चेस्टमध्ये एका खणाची क्षमता ४५ किलोच्या आसपास असते, महागड्यांमध्ये मोठ्या खणांना दोन-दोन चॅनेल लावून ती ९० किलोपर्यंत नेतात. आता तू विचार कर, उथळ खणात रिंग पाने एका थरात लावलेस तर ४५ किलो होणारच नाहीत, त्याच्या निम्मेही होणार नाहीत. वजन होतं ते इम्पॅक्ट गन, मोठे पुलर, हातोड्या, पाऊण इंची ड्राइव्हच्या गोट्या यांचं, आणि त्यासाठी तळाचे एक-दोन दणकट खण पुरतात. तू ट्रक-बस, जेसीबी असल्या जड गाड्यांचं काम करत असतास तर माझं उत्तर इथेच बदललं असतं, पण तू कार करतोस.

चाकांकडे कुणी बघत नाही. रिकामी चेस्ट गुळगुळीत लादीवर सगळ्यांचीच पळते, पण गॅरेजात हवेचा पाइप आडवा पडलेला असतो, गटाराची जाळी असते, कोबा फुटलेला असतो, त्यावरून भरलेली चेस्ट न्यायची तर पाच इंच व्यासाची, दोन इंच रुंदीची चाकं तरी हवीत, दोन फिरणारी ब्रेकसकट आणि दोन सरळ. चेस्टची क्षमता जी लिहिलेली असते ती उभ्या चेस्टची की ढकलतानाची हेही विचार, ढकलताना चाकाला धक्के बसतात म्हणून तो आकडा कमी असू शकतो. कुलूप, रंग, आतला पॉवर सॉकेट, गॅसच्या दांड्यांवर उघडणारं झाकण, हे सगळं असलं तर छान, नसलं तरी काम थांबत नाही. एक अपवाद, ढकलताना खण आपोआप उघडू नयेत म्हणून प्रत्येक खणाला खटका असतो, तो हवाच.

"आयुष्यभर टिकेल" हे वाक्य तू पत्रात तीनदा लिहिलंयस. पान्याची आयुष्यभराची गॅरंटी आणि चेस्टची गॅरंटी या वेगळ्या गोष्टी असतात, कंपनीचं नाव एक असलं तरी. चेस्टच्या कागदावर चॅनेलला किती वर्षं, चाकांना किती, कुलपाला किती, रंगाला काहीच नाही का, हे वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं. गॅरंटी पहिल्या मालकालाच आहे का, चॅनेल बिघडला तर माणूस गॅरेजात येऊन बदलणार की रिकामी असतानाच शेकड्यावर किलो भरणारी ती चेस्ट तू टेम्पोत घालून न्यायची, हे सगळं घ्यायच्या आधी लेखी घे. चॅनेल स्क्रूने लावलेत की रिव्हेटने तेही बघ, स्क्रूचे असतील आणि सुटे मिळत असतील तर साधी चेस्टही वर्षानुवर्षं चालवता येते.

हप्त्यांबद्दल थोडं कडक बोलतो, राग मानू नकोस. काही कंपन्यांचे विक्रेते थेट गॅरेजच्या दारात व्हॅन घेऊन येतात आणि आठवड्याच्या हप्त्यावर माल देतात, सोय म्हणून ती चांगलीच आहे, पण आठवड्याचा आकडा छोटा दिसतो म्हणून माणूस एकूण आकडा बघतच नाही. हप्ता गुणिले हप्त्यांची संख्या कर, त्यात सुरुवातीला दिलेले पैसे मिळव, आणि रोखीच्या किमतीशेजारी लिहून ठेव. मग विचार, उद्या हात दुखावला आणि दोन महिने काम बंद राहिलं तर हप्ता कुठून जाणार? नोकरी सुटली तर? चेस्ट टूल्ससकट चोरीला गेली तर हप्ते थांबत नाहीत, आणि गॅरेजच्या मालकाच्या विम्यात तुझी टूल्स धरलेली आहेत असं गृहीत धरू नकोस, विचारून घे. ज्या वस्तूने कमाई थेट वाढत नाही तिच्यासाठी वर्षानुवर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यावं असं मला वाटत नाही, विशेषतः जो माणूस दोन-तीन वर्षांत स्वतःचं गॅरेज काढणार आहे त्याने तर नाहीच, तेव्हा तुला कर्ज लागणारच आहे, लिफ्टसाठी, कॉम्प्रेसरसाठी, जागेच्या डिपॉझिटसाठी.

बायकोचा मुद्दा मला वजनदार वाटतो, पण त्यात एक बारकावा आहे. इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचणारा साधा रीडर स्वस्तात येतो, तो नसेल तर आजच घे. पण एबीएस, एअरबॅगचे कोड बघायचे किंवा स्कॅनरवरूनच फॅन, इंजेक्टर चालवून तपासायचे तर वरच्या दर्जाचा स्कॅनर लागतो, आणि अशा बऱ्याच स्कॅनरना अपडेटसाठी दर वर्षी पैसे भरावे लागतात, नवीन मॉडेल येत राहतात आणि स्कॅनर जुना होत जातो. चेस्ट जुनी होत नाही. म्हणजे मालकाचा स्कॅनर फुकट वापरायला मिळतोय तोवर स्वतःचा मोठा स्कॅनर घेऊन तो जुना करत बसण्यात अर्थ नाही, मात्र स्वतःचं गॅरेज काढशील त्या दिवशी तो लागणारच, त्याशिवाय काम निघणार नाही. तेव्हा पैसे स्कॅनरसाठी ठेवायचे हे बायकोचं बरोबर, आणि आत्ता पेटी लागते हे तुझं बरोबर. मालकाचा स्कॅनर मागायला रोज खरंच अर्धा-अर्धा तास थांबावं लागत असेल तर मात्र तिचं म्हणणं आधी, पेटी नंतर. ते किती वेळ थांबतोस हे एक आठवडा लिहून ठेव आणि दोघांनी मिळून बघा, हा निर्णय दोघांचाच आहे.

तुझ्या जागी मी काय करेन ते सांगतो. घ्यायच्या आधी दोन आठवडे एक छोटं काम कर, जे टूल वापरशील त्याला रंगीत टेपचा तुकडा चिकटव. दोन आठवड्यांनी टेप लागलेली टूल्स एका बाजूला काढ, ती किती निघतात हे बघून तुलाच नवल वाटेल, कारण रोजचं काम मोजक्याच टूल्सवर चालतं. ती सगळी जमिनीवर एका थरात मांड आणि किती जागा लागते ते मोज. त्यात पुढच्या खरेदीसाठी तिसरा हिस्सा वाढव. एवढीच चेस्ट तुला हवी. दुकानात चेस्टची तुलना खणांच्या संख्येवर करू नकोस, प्रत्येक खणाची आतली लांबी-रुंदी गुणून सगळ्यांची बेरीज कर, बारा अरुंद खणांपेक्षा सात रुंद खण जास्त जागा देतात असं बऱ्याचदा निघतं. लांब टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, आडवा मावतो का तेही बघ, तो नाही मावला तर तो कायम चेस्टच्या डोक्यावर पडून राहणार आणि एक दिवस खाली पडणार.

मग मधल्या दर्जाची, १८ गेजची, बॉल बेअरिंगची चेस्ट रोखीने घे, आणि उरलेल्यातले थोडे पैसे आतल्या मांडणीवर खर्च कर. फोमचे दोन रंगांचे थर मिळतात, वरच्या थरात प्रत्येक टूलच्या आकाराची जागा कापायची, टूल उचललं की खालचा रंग दिसतो. विमानाच्या देखभालीत हीच पद्धत वापरतात कारण एखादा पाना इंजिनात विसरला तर अपघात होऊ शकतो, खण बंद करतानाच काय राहिलंय ते कळलं पाहिजे. तुझी १० नंबरची गोटी बॉनेटखाली राहिली की नाही हे गाडी द्यायच्या आधी कळेल. महागड्या चेस्टमध्ये अस्ताव्यस्त टाकलेल्या टूल्सपेक्षा हे कितीतरी जास्त कामाचं आहे.

दुसरा रस्ता म्हणजे तीच महागडी चेस्ट वापरलेली घेणं, आणि तुला ती चेस्ट इतकी आवडली असेल तर मी हाच रस्ता सुचवेन. एखादा मेकॅनिक धंदा सोडतो, निवृत्त होतो, मोठी घेतो म्हणून लहान काढतो, अशा वेळी नव्याच्या मानाने बरीच कमी किंमत पडते आणि दणकट सांगाड्याचं वय अजून बरंच बाकी असतं. बघायला जाताना तुझी एक भरलेली हातपेटी घेऊन जा, ती प्रत्येक मोठ्या खणात ठेव आणि खण पूर्ण बाहेर काढून आत सरकव, खरखर, लोंबणं, शेवटी अडकणं लगेच कळतं. खणांमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का बघ. टेपने समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोज, फरक दिसला तर सांगाडा पिळवटलाय, सोडून दे. चाकं तडकलेली असली तर बदलता येतात, पण खण काढून आतले कोपरे बघ, ते गंजाने खाल्लेले असले तर काही करता येत नाही. आणि विकणाऱ्याचे हप्ते पूर्ण फिटलेत का त्याचा कागद बघ, नाहीतर चेस्ट तुझ्याकडे आणि विक्रेत्याचा हक्क अजून तिच्यावर असं होऊन बसेल.

नवी आणि महागडी कुणी घ्यावी? ज्याचं काम जड गाड्यांचं आहे, जो त्याच जागेवर अजून बरीच वर्षं राहणार आहे, ज्याची मधली चेस्ट भरून वाहतेय आणि चॅनेल झिजलेत, आणि जो रोख देऊ शकतो. असा माणूस ती बिनधास्त घेऊ दे, त्याला ती पुरेपूर वसूल होईल. तुझं तसं नाही, निदान आज नाही. स्वतःचं गॅरेज झालं की भिंतीवर फळ्या आणि पानेदान लावायला तुला कुणाची परवानगी लागणार नाही, त्या चेस्टपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात, आणि मग फिरती चेस्ट लहानच बरी वाटायला लागेल. शिवाय भरलेली अवाढव्य चेस्ट हलवायची म्हणजे सगळी रिकामी करा, माणसं बोलवा, नव्या जागेच्या दारातून जाते का मोजा, हे सगळं आलंच.

कुठलीही घेतलीस तरी जड माल तळाच्या खणात ठेव आणि भरलेले दोन-तीन खण एकदम उघडू नकोस, वजन पुढे येतं आणि अख्खी चेस्ट अंगावर येऊ शकते, हे खरंच होतं. हलवताना ओढू नकोस, ढकल. क्लिकचा टॉर्क रेंच आत ठेवताना सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आण, व्हर्नियर आणि डायल गेज या बारीक मापं घ्यायच्या टूल्सना हातोड्यांपासून लांब वेगळा खण दे. पहिल्याच दिवशी प्रत्येक खणाचा फोटो काढून घरच्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेव, चोरी झाली तर पोलिसांना आणि विमावाल्यांना तेच दाखवावं लागतं. आणि कुलपावर किंवा किल्लीवर बऱ्याचदा एक छोटा नंबर कोरलेला असतो, तो पण लिहून ठेव, किल्ली हरवली तर त्या नंबरवरून दुसरी मागवता येते, कुलूप फोडावं लागत नाही.